फेला सोवांडे यांचे ऑर्गनसंगीत

संगीत नाटकांतून आपल्या परिचयाचा झालेला ऑर्गन हा पायांनी भाता चालवून पितळी पट्ट्यांतून सूर काढणारा. ख्रिस्तमंदिरातला महा-ऑर्गन मात्र वाऱ्याच्या दाबाने शेकडो नळ्यांना वाचा फोडतो, आणि त्याचा खर्ज वादकाच्या पायांच्या स्वाधीन असतो. या युरोपीय वाद्यावर नायजेरियातील योरुबा गीते ज्यांनी प्रतिष्ठापूर्वक बसविली, त्या फेला सोवांडे यांच्या रचना कशा ऐकाव्यात, हे आज सांगावयाचे आहे.

1905 साली जन्मलेल्या सोवांडे यांची तालीम लागोसच्या कॅथीड्रलमधील ऑर्गनवादक एकुंडायो फिलिप्स यांच्या हाताखाली झाली, आणि पुढे लंडनमध्ये, 1943 साली, त्यांनी रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्‌सची फेलोशिप मिळविली.

योरुबा भाषेत उच्च, मध्य व नीच असे तीन सूर असून, अक्षरे तीच राहूनही सूर पालटला की अर्थ पालटतो; म्हणून मिशनऱ्यांच्या अमदानीत इंग्रजी चालींवर योरुबा शब्द चढविले गेले, तेव्हा शब्द खाली उतरू पाही तेथे चाल वर चढे, आणि प्रार्थनेचा अर्थच बिघडे. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी ओवी-अभंगांचा आश्रय केला, तसाच फिलिप्स यांच्या पिढीने भाषेच्या चढउतारांशी इमान राखणाऱ्या देशी चालींचा केला. सोवांडे यांच्या ऑर्गनसंगीताचे मूळ याच परंपरेत आहे.

‘ओयिगियिगी’ या त्यांच्या रचनेत प्रस्तावना, मग योरुबा लोकगीताची चाल व तिची रूपांतरे असा क्रम आहे. योरुबा चाली पुष्कळदा आपल्या भूपाप्रमाणे पाचच स्वरांत फिरतात. सोवांडे यांच्या लेखणीत अशा चालींभोवती युरोपीय स्वरमेळाचे, कोमल-तीव्र स्वरांनी गडद झालेले वस्त्र येते. त्यांच्या शैलीचे मर्म या दोहोंच्या संबंधात आहे: स्वरमेळ कितीही पालटला, तरी बोलीतून जन्मलेली चाल आपला चढउतार सोडीत नाही, आणि म्हणूनच परक्या वाद्यावरही ती परकी होत नाही.

तेव्हा रसिकांनी प्रथम केवळ चाल ऐकून गुणगुणावी. दुसऱ्या वेळी पायांच्या खर्जाकडे लक्ष द्यावे. आणि तिसऱ्या वेळी मधल्या स्वरांचे रंग कोठे पालटतात ते टिपावे. असे ऐकणाऱ्यास सोवांडे यांच्या संगीतात युरोपाची नक्कल आढळणार नाही. आपल्या भाषेचा मान राखून परकी विद्या हस्तगत करणाऱ्या एका थोर कलावंताची कामगिरी आढळेल.