चालू राजकीय घडामोडींवरील वक्तृत्व : तयारीची शिस्त

(भिलाई येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. वर्षाला १० लाख टन पोलाद हे त्या वेळचे उद्दिष्ट होते. या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातील अनेक मराठी कुटुंबेही होती. त्या कुटुंबांची आजची पिढी घरी मराठी बोलते, शाळा-महाविद्यालयात हिंदी वा इंग्रजीतून शिकते आणि वक्तृत्व स्पर्धेत या तिन्ही भाषांतून बोलते. अशा श्रोत्यांपुढे ‘चालू राजकीय घटनांवरील वक्तृत्व स्पर्धांची पूर्वतयारी’ या विषयावर बोलताना मला आनंद होत आहे.

या तयारीचा उपयोग केवळ करंडकापुरता नाही. २०१९ पासून भरणारी राष्ट्रीय युवा संसद असो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील २५० गुणांचा निबंध असो किंवा त्यानंतरची २७५ गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी असो, प्रत्येक ठिकाणी उमेदवाराला वादग्रस्त प्रश्नावर संयमाने व साधार बोलता येते का, हेच पाहिले जाते. तुमचे मत परीक्षकांच्या मताशी जुळते की नाही, याला तेथे फारसे महत्त्व नसते. त्या मतापर्यंत तुम्ही कोणत्या पुराव्यांच्या आधारे आलात, याला मात्र असते.

एका चुकीची कथा

ही गोष्ट मी एका चुकीतून शिकलो. १९९१ साली मी पदवीच्या अखेरच्या वर्षात होतो. परकीय चलनाचे संकट आणि नवे आर्थिक धोरण यांवर सर्वत्र चर्चा चालू होती. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी याच विषयावर बोललो. ‘देशाचे सगळे सोने विकले गेले’ या माझ्या वाक्याला मोठ्या टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर एका परीक्षकांनी शांतपणे विचारले, “विकले, की तारण ठेवले? आणि किती?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते वाक्य मी एका सभेत ऐकले होते आणि आवडले म्हणून उचलले होते.

वस्तुस्थिती अशी होती. मे १९९१ मध्ये सरकारजवळील जप्तीचे २० टन सोने स्टेट बँकेमार्फत, पुन्हा खरेदी करण्याचा हक्क राखून, परदेशात विकण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्याकडील सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज उभे केले. म्हणजे एक व्यवहार विक्रीचा होता, दुसरा तारणाचा. आणि ‘सगळे’ हा शब्द तर साफ खोटा होता. मला बक्षीस मिळाले नाही, याचे दुःख लवकर विसरलो. परंतु सभागृहातील दोन-तीनशे श्रोते माझ्या तोंडून चुकीची माहिती घेऊन घरी गेले आणि ती दुरुस्त करण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही, ही रुखरुख आजही आहे.

परंपरेतील धडा

महाराष्ट्रात वक्तृत्वाला संघटित रूप देण्याचे श्रेय न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाते. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा स्थापन झाली. वसंत व्याख्यानमाला ही तिचीच परंपरा. सार्वजनिक प्रश्नांवर अभ्यासपूर्वक बोलणारे नागरिक तयार व्हावेत, ही त्यामागील दृष्टी होती.

रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील दोन प्रसंग तर प्रत्येक स्पर्धकाने अभ्यासावेत. पहिला प्रसंग १८९७ सालचा आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. पुण्यातील प्लेग प्रतिबंधक मोहिमेत गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांना भारतातून खासगी पत्रे आली. त्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रातून गंभीर आरोप केले. पुरावा देण्याची वेळ आली, तेव्हा माहिती देणारे पुढे येईनात. मायदेशी परतल्यावर गोखल्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. या माफीबद्दल स्वकीयांनीही त्यांच्यावर कठोर टीका केली. मोहिमेतील जाचाविषयी लोकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या; परंतु जे सिद्ध करता येत नाही ते जाहीरपणे बोलल्याने त्या तक्रारींचे बळ उलट कमी झाले.

दुसरा प्रसंग २६ मार्च १९०२ चा. केंद्रीय विधिमंडळातील अर्थसंकल्पावरचे त्यांचे हे पहिले भाषण. लागोपाठची शिलकी अंदाजपत्रके ही जनतेच्या सुबत्तेची खूण नसून, दुष्काळ व प्लेगने गांजलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा तो पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी आग्रहाने केली. १९०३ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. यात इतरांच्या प्रयत्नांचाही वाटा होता. तथापि सरकारला आपल्याच आकड्यांचे उत्तर द्यावे लागले, हे त्या भाषणाचे खरे यश होय.

या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य होते. हे जोशी शिक्षकी पेशातले, सरकारी अहवालांचे चिकाटीने वाचन करणारे अभ्यासक. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी वेगळे. परीक्षेत या दोन नावांची गल्लत होऊ देऊ नका. १८९७ चे गोखले आणि १९०२ चे गोखले एकच होते, तळमळही तीच होती. फरक होता तो आधाराचा.

आपल्या दारातील उदाहरण

आता ही शिस्त आजच्या विषयाला कशी लावायची, ते पाहू. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भिलाईच्या भट्ट्यांना अनेक दशके लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणी शेजारच्या बालोद जिल्ह्यात आहेत. समजा, स्पर्धेचा विषय आहे : ‘खनिजांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांनाच हवा’.

प्रथम घटनाक्रम लिहून काढा. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार लोहखनिजासारख्या प्रमुख खनिजांच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, दर केंद्र सरकार ठरवते. रक्कम मात्र राज्याला मिळते. स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते, असे अनेक स्पर्धक बेधडक सांगतात. ते चूक आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठाने स्वामित्वधन हा करच आहे, असा निर्णय दिला. २००४ मध्ये ५ न्यायाधीशांच्या पीठाने तो कर नाही, असे म्हटले. हा पेच अखेर ९ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. त्या खटल्याच्या शीर्षकात प्रतिवादी म्हणून भारतीय पोलाद प्राधिकरणाचे, म्हणजे भिलाईचा कारखाना ज्यांचा आहे त्या ‘सेल’चे नाव आहे. २५ जुलै २०२४ रोजी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले की, स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करण्याची मुभा मिळाली. मात्र तिची वसुली १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत करावयाची होती.

दुसरी पायरी मूळ तरतुदीची. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीची ५० वी नोंद उघडा. खनिज हक्कांवरील कर तेथे राज्यांकडे आहेत; परंतु खनिज विकासासंबंधी संसदेने कायद्याने घातलेल्या मर्यादांच्या अधीन राहून. संघ सूचीतील ५४ वी नोंद खाणींचे नियमन केंद्राकडे देते. या दोन नोंदी समोर ठेवून वाचल्या की, वाद कोठे आहे हे आपोआप समजते. त्यासाठी कोणत्याही नेत्याच्या भाषणाची गरज राहत नाही.

तिसरी पायरी आकड्यांची. सात मिनिटांच्या भाषणात तीनपेक्षा अधिक आकडे श्रोत्यांच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे मोजके निवडा आणि ते उलगडून सांगा. २०१४ मध्ये लोहखनिजावरील स्वामित्वधनाचा दर सरासरी विक्री किमतीच्या १० टक्क्यांवरून १५ टक्के झाला. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. लिलावापूर्वीच्या जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यांत भरावी लागते. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजावर १५ रुपये स्वामित्वधन आणि त्या १५ रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे साडेचार रुपये, प्रतिष्ठानासाठी. इतर देणी बाजूला ठेवली, तरी ही रक्कम साडेएकोणीस रुपये होते. हेच ३० टक्के १०० रुपयांवर मोजले, तर तुमचा सारा युक्तिवाद कोसळेल. टक्केवारी कशाची, वर्ष कोणते आणि आकडा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तो आकडा वापरू नये.

चौथी पायरी सर्वांत कठीण आहे : विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडणे. राज्यांचे म्हणणे असे की, खनिज एकदा काढले की संपते. खाणीची धूळ, रस्त्यांची झीज आणि विस्थापन स्थानिकांच्या वाट्याला येते. तेव्हा त्यावरील उत्पन्नाचा निर्णयही राज्याचा असावा. दुसरी बाजू अशी की, प्रत्येक राज्याने वेगवेगळा कर बसवला, तर पोलादापासून सिमेंटपर्यंत सर्वांच्या किमती वाढतील आणि ज्या राज्यांत खनिज नाही त्यांनाही तो भार सोसावा लागेल. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या विरोधी निकालपत्रात राज्याराज्यांतील अनिष्ट स्पर्धेची चिंता व्यक्त झाली आहे. स्पर्धकाने बहुमताचा निकाल जितक्या काळजीने वाचावा, तितक्याच काळजीने हा विरोधी निकालही वाचावा. तुम्ही मांडलेला प्रतिपक्ष ऐकून त्या बाजूच्या माणसाने ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे, ही कसोटी ठेवा. त्यानंतर केलेले खंडन श्रोत्यांना पटते.

येथे भिलाईच्या विद्यार्थ्याची आणखी एक परीक्षा असते. वडील कारखान्यात नोकरीला आणि घर छत्तीसगडमध्ये! अशा वेळी उद्योगाचे हित आणि राज्याचे हित यांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहावे? माझे उत्तर असे की, हा पेच लपवू नका, भाषणात सांगा. आपले हितसंबंध कोठे गुंतले आहेत हे वक्त्याने स्वतःहून सांगितले, तर त्याच्या निष्कर्षावर विश्वास वाढतो.

काही व्यावहारिक सूचना

विषय हाती आल्यावर पहिले दोन दिवस भाषण लिहू नका. केवळ टिपणे काढा. प्रत्येक टिपणावर तारीख व संदर्भ लिहा. वृत्तपत्रातील बातमी आणि अग्रलेख यांची कात्रणे वेगळी ठेवा, कारण एकात घटना असते व दुसऱ्यात मत. भ्रमणध्वनीवर फिरणारा मजकूर, तो कितीही आवडला तरी, मूळ कागद सापडेपर्यंत वापरू नका. विधेयक मांडले जाणे, ते संमत होणे, कायदा होणे आणि तो अमलात येणे हे चार वेगळे टप्पे आहेत. उदाहरणार्थ, लोकसभा व विधानसभांत महिलांना आरक्षण देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली, परंतु तिच्या मूळ मसुद्यातच आरक्षणाची अंमलबजावणी पुढील जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली होती. ‘आरक्षण मिळाले’ आणि ‘आरक्षणाचा कायदा झाला’ या दोन वाक्यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

व्यक्तींऐवजी निर्णयांवर बोला. पक्षाचे नाव आवश्यक असेल तेथे जरूर घ्या. उपहास मात्र टाळा. संपूर्ण भाषण पाठ करण्याऐवजी मुद्द्यांचा क्रम, तारखा आणि समारोप पक्के करा. घड्याळ लावून घरच्यांपुढे बोला आणि त्यांना एकच काम द्या : प्रत्येक विधानावर ‘कशावरून?’ असे विचारण्याचे. जेथे उत्तर अडखळेल, तेथे तयारी कच्ची आहे असे समजावे. एवढे करूनही परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ‘मला हे पाहावे लागेल’ असे सरळ सांगा. १९९१ साली एवढे एक वाक्य मला सुचले असते, तर ‘सगळे’ हा शब्द मी तेथेच मागे घेतला असता.

मित्रहो, लोकशाहीत मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. परंतु मत बनवण्याची सवय त्याआधीच लागते. वक्तृत्व स्पर्धा ही त्या सवयीची शाळा आहे. तुमच्यापैकी काही जण पुढे प्रशासनात जातील, काही कारखान्यात, काही विधिमंडळातही जातील. तेथे समोर परीक्षक नसतील आणि चुकीच्या विधानाची किंमत इतरांना मोजावी लागेल. म्हणून ‘कशावरून?’ हा प्रश्न आजच स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्या.