नागपूरला आपण केव्हा आलो?



शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मजुरांच्या ठिय्यावर झाले. तरीही आज शाळेतल्या एका पाठाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. माणसे गाव सोडून का निघतात आणि परमुलखात वस्ती कशी करतात, हा तो पाठ. तो वर्गात नीट शिकविला गेला नाही, तर पुढे रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागते.

अमेरिकेत हा पाठ मुलांकडून खेळवून घेतात. १९७१ साली मिनेसोटा राज्यातल्या एका शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने आपल्या वर्गासाठी संगणकावरचा एक खेळ तयार केला. मुलांनी एकोणिसाव्या शतकातले प्रवासी व्हायचे, मोजक्या पैशांत बैल, अन्न, कपडे आणि काडतुसे घ्यायची आणि मिसूरीपासून पश्चिमेकडे ऑरेगॉनपर्यंत सुमारे २००० मैल गाडी हाकायची. खेळता खेळता मूल नकाशा शिकते, हिशेब शिकते. परंतु अशा पाठांत एक मोठी उणीव पुष्कळ काळ राहून गेली. १८६२ च्या कायद्याने वस्ती करणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू लागली, हे मुलांना सांगितले जाई. ती जमीन ज्या मूळ रहिवाशांची होती, त्यांचे काय झाले, हे मात्र सांगितले जात नसे. गाडीत काय भराल, एवढेच विचारायचे आणि जिथे जाता तिथे आधी कोण राहते, हे विचारायचे नाही, तर तो पाठ अर्धाच राहतो.

आता आपल्याकडे पाहू. आपले नागपूर कोणी वसविले? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने, १७०२ च्या सुमारास, इथल्या बारा वाड्या एकत्र करून. त्याने बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून आणले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास रघुजी भोसले आले आणि त्यांच्यामागून शिपाई, कारकून, कुणबी आले. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. थोड्याच वर्षांत लोहमार्ग पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. अशा दिवसांत भंडाऱ्याकडची, छत्तीसगडकडची माणसे त्याच रुळांच्या वाटेने पश्चिमेला, म्हणजे आपल्या नागपूरला आली. त्यांना कोणी १६० एकर दिले नाहीत. कोणाला मागावर उभे राहायला जागा मिळाली, कोणाच्या डोक्यावर विटांचे घमेले आले.

इथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ठिय्यावर इथल्या मिस्त्र्यांची तक्रार आली की, छत्तीसगडी मजूर कमी रोजावर जातात आणि आमचे काम बुडवितात. आम्ही स्टुलावर उभे राहून भाषण ठोकले : बाहेरच्यांनी बाहेर जावे! टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर एक वयस्क रेजा पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "भैया, हमारी सास यहीं की मिल में थी. तुम लोग कब आए?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन आईला विचारले. तेव्हा कळले की, आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यातून एक वळकटी आणि एक लोटा घेऊन आले होते. म्हणजे ज्या वाटेने ती रेजा आली, त्याच वाटेवरचे आम्ही, एवढेच की थोडे अलीकडच्या स्टेशनचे! रोज कमी मिळत होता तो ठेकेदारामुळे. आम्ही मात्र बोट दाखविले मजुराकडे. पुढे दोघांच्या रोजाची मागणी एकत्र केली, तेव्हाच ठेकेदार बोलणी करायला बसला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगड होते. मध्य प्रांतातही होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूरच्या माणसाची राजधानी नागपूरच होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशातच राहिले. तोवर इथे येऊन राहिलेला माणूस जागचा हलला नाही. सीमा हलली, आणि तो परका ठरला.

म्हणून शिक्षकबंधूंना आमची विनंती आहे. वर्गाच्या भिंतीवर नकाशा लावा. प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे : आपण नागपूरला केव्हा आलो, कशासाठी आलो, बरोबर काय आणले, आणि पहिल्या रात्री आसरा कोणी दिला? मग त्या गावापासून नागपूरपर्यंत एक दोरा ताणावा. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने हे करून पाहिले. दोरे सिंधहून आले, वऱ्हाडातून आले, रायपूर-बिलासपूरहून आले. वर्गात एक गोंड मुलगा होता. सर्वांना वाटले, याला दोरा लागणार नाही. त्याने घरून उत्तर आणले : देवगड!

दोरे लावून झाल्यावर एक प्रश्न मात्र विसरू नका : आपण आलो तेव्हा इथे आधी कोण होते, आणि आपल्या येण्याने त्यांचे काय झाले? त्या बारा वाड्यांतल्या माणसांची नावे आज आपल्याला कुठे ठाऊक आहेत? एम्प्रेस मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल उभा राहिला; तिथे तीन-तीन पिढ्या राबलेल्यांची नावेही अशीच पुसली जात आहेत. त्यांना ओळखणारी म्हातारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. मुलांना त्यांच्याजवळ बसवा, आणि हे काम या उन्हाळ्याच्या सुट्टीतच करा. कारण ती माणसे आपल्यासाठी थांबून राहणार नाहीत.