रात्रपाळीचा सराव

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो, सिस्टरांनो,

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, म्हणून बोलणार आहे तेही तिथलंच.

१९८०च्या दशकात मी एका जिल्हा रुग्णालयात रुजू झाले. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाऊ लागलं, की तिथे पहिली धावाधाव व्हायची ती किल्लीसाठी. औषधांचं कपाट बंद, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे आणि त्या ड्यूटी संपवून क्वार्टरवर गेलेल्या. वॉर्डबॉय सायकल काढायचा. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असतं. बाळंतीण डोळ्यांदेखत पांढरीफटक पडायची. तातडीच्या औषधांचा ट्रे लेबर रूममध्ये उघडा ठेवू द्या, असं मी लेखी मागितलं. वरून उत्तर आलं, ‘ऑडिटला इंजेक्शनं कमी भरली तर जबाबदार कोण?’ बाई दगावली तर जबाबदार कोण, हे त्या कागदावर कुणी विचारलेलं नव्हतं. तो राग अजून माझ्या मनात आहे.

तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. बाळंतिणीच्या ओटीपोटावर हात ठेवून त्या सांगायच्या, ‘मॅडम, पिशवी मऊ लागतेय,’ म्हणजे गर्भाशय आवळत नाहीये. एका रात्री एका बाळंतिणीबद्दल त्यांनी हेच एका वरिष्ठांना सांगितलं. ‘तुम्ही तुमचं काम बघा,’ म्हणून त्यांना गप्प केलं गेलं. तासाभरात ती बाई ऑपरेशन टेबलावर होती. जीव वाचला, पण पहिल्याच बाळंतपणात गर्भाशय काढावं लागलं. सिस्टरांचा हात बरोबर होता. त्यांचं ऐकून घेण्याची पद्धत मात्र आपल्या व्यवसायात नव्हती. ती आजही पुरेशी रुजलेली नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या वेळी रक्त किती गेलं ते नजरेनं ठरवायचे. केसपेपरवर ‘अंदाजे २०० मिली’ लिहिलेलं असायचं आणि चादरीखालची गादी भिजलेली. २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. ठरलेली खूण गाठली, की गर्भाशय चोळणं, आकुंचनाचं औषध, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं लागलीच, एकदम. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारी ऑपरेशनं व मृत्यू, असं सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. यातलं एकही औषध नवं नव्हतं. ढाक्याच्या डॉ. सायबा अख्तर यांनी तर कॅथेटरला कंडोम बांधून, तो गर्भाशयात सलाइननं फुगवून रक्त थांबवलं. २००३मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. महागड्या यंत्राची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

आपल्याकडेही पुष्कळ बदललं. १९९७-९८मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२०मध्ये हा आकडा ९७वर आला, महाराष्ट्रात ३३वर. २०१७पासून लेबर रूम सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमामुळे तिथे ट्रे आले, तक्ते लागले, तातडीच्या प्रसंगांचे सराव सुरू झाले. पण मी काय पाहत आले? तपासणीचं पथक येणार म्हटलं की सराव होतो. तोही दिवसा, सगळे वरिष्ठ हजर असताना. पथक गेलं की संपलं. आणि तयार झालेल्या सिस्टरची बदली डोळ्यांच्या वॉर्डात होते.

म्हणून एकच गोष्ट आग्रहानं सांगते. सराव रात्री घ्या. रात्री दोन वाजता एक इंटर्न, एक सिस्टर आणि एक मावशी एवढीच टीम असते. सराव त्याच टीमचा हवा. एकीनं रुग्ण म्हणून टेबलावर झोपावं. मदतीसाठी कोण ओरडणार, गर्भाशय कोण चोळणार, दोन्ही हातांना जाड सुया कोण लावणार, रक्तपेढीला फोन कोण करणार, हे ठरलेलं असावं. सूचना नाव घेऊन द्यावी आणि ऐकणाऱ्यानं मोठ्यानं उत्तर द्यावं, ‘ट्रॅनेक्सॅमिक एक ग्रॅम शिरेतून दिलं, दोन वाजून सात मिनिटं.’ एकदा असा सराव घेतला, तेव्हा भिंतीवरचा रक्तपेढीचा नंबर कधीच बदललेला आहे हे कळलं. दिवसा तो फोन करायची वेळच कुणावर आली नव्हती. झटके येणाऱ्या बाईसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा डोस तयार करणं, खांदा अडकलेलं बाळ सोडवणं, न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणं, हे सगळं रात्रीच्याच माणसांच्या हातात बसलं पाहिजे.

आणि सराव झाल्यावर पाच मिनिटं एकत्र बसा. आधी मावशींना बोलू द्या, मग सिस्टरला, डॉक्टरांनी शेवटी बोलावं. चूक दाखवणाऱ्याला कुणी दटावू नये.

पुढच्या महिन्यात तुम्ही वेगवेगळ्या रुग्णालयांत रुजू व्हाल. कुणी आदेश काढण्याची वाट बघू नका. तुमच्या पहिल्याच रात्रपाळीला हा सराव घ्या, आणि मग दर महिन्याला घेत राहा.