वकिलाची विनामूल्य सेवा : दान नव्हे, शिक्षण
(डाळज, तालुका इंदापूर येथील भाषणाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याच्या घरी जमीन, पैसा आणि वजन आहे त्याला ही म्हण परवडते. ज्याचा हक्क दुसऱ्याने दाबून ठेवला आहे, तो पायरी चढला नाही तर त्याचा हक्क दाबलेलाच राहतो. महाडचे चवदार तळे आठवा. सत्याग्रह 1927 साली झाला. त्याच साली प्रतिपक्षाने दावा लावला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागण्यास 1937 चा मार्च उजाडला. त्या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. पण ते बॅरिस्टर होते, आपण नाही. म्हणून वकिलाचा प्रश्न हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

डाळजहून इंदापूरच्या कोर्टात तारखेला जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. त्यावर वकिलाची फी कोठून आणावी? 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्या कायद्याखाली फेरदिलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध आहेत. हे ज्याला ठाऊक नाही, तो कोऱ्या कागदावर अंगठा देऊन बसतो. ज्याच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद नाही, त्याला फसविणे सोपे असते.

वकिलांच्या आचारनियमांतील 46 वा नियम सांगतो की, गरीब व पीडित माणसास आपल्या ऐपतीप्रमाणे विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक होय. नियम उत्तम आहे. पण तो किती पाळला, याचा हिशेब कोणी मागत नाही.

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याने हा हिशेब ठेवला आहे. तेथे अनुभवी वकिलास दर दोन वर्षांत 24 तासांचे कायद्याचे शिक्षण पुरे करावे लागते. गरिबांसाठी केलेले विनामूल्य काम त्या शिक्षणात काही मर्यादेपर्यंत धरले जाते. साधारण दोन तास सेवा केली की एक तास शिक्षण जमा होते. मात्र ते काम कोर्टाने नेमून दिलेले किंवा मान्य संस्थेमार्फत आलेले असावे लागते. यामागचा विचार आपण नीट समजून घ्यावा. घर सुटण्याची पाळी आलेल्या बाईची कैफियत लिहिताना वकील जो कायदा शिकतो, तो व्याख्यानाच्या खोलीत मिळत नाही.

आपल्या देशात असे काही घडले काय? सुप्रीम कोर्टाने 2017 साली इंदिरा जयसिंग यांच्या अर्जावर निकाल दिला. ज्येष्ठ वकील ठरविण्यासाठी जी गुणपद्धती त्यात घालून दिली, तीत विनामूल्य कामाचाही विचार होता. 2025 साली कोर्टाने ती गुणपद्धतीच मोडीत काढली. तिचा लाभही मोठ्या कोर्टांतील मोजक्या वकिलांपुरताच होता. तालुक्याच्या वकिलाला तिचा उपयोग नव्हता.

कोणी म्हणेल, गुणांसाठी येणारा वकील मनापासून काम करील काय? शंका रास्त आहे. गरिबाचा खटला ही नवशिक्याच्या हात बसविण्याची जागा होता कामा नये. म्हणून आपली मागणी अटींसह असावी. काम अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली व्हावे, नुसती हजेरी मोजू नये, आणि खटला अर्ध्यावर सोडणाऱ्यास काहीही जमा होऊ नये. वकील कोणत्या हेतूने आला यापेक्षा तारखेला उभा राहिला की नाही, हे अशिलाला अधिक महत्त्वाचे असते.

पण ती मागणी मान्य होईपर्यंत स्वस्थ बसू नका. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 पासून अमलात आहे. त्याच्या 12 व्या कलमाने अनुसूचित जातीच्या प्रत्येक व्यक्तीस आणि प्रत्येक स्त्रीस, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. म्हणून मूळ अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या कुटुंबाने आपण आता यात बसत नाही, असे समजू नये. जातीचा दाखला काढून ठेवा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच मागून घ्या. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. या वकिलाचे मानधन सरकारी व्यवस्था देते, म्हणून त्याच्यापुढे हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

आणि आपल्या मुलामुलींपैकी एक तरी वकील होऊ द्या. मात्र सनद मिळाल्यावर त्याने पहिली वही आपल्या वस्तीच्या कागदांची उघडावी. ती त्याची खरी शाळा होय.

जय भीम.