खरूज : औषध एकट्याला नको, अख्ख्या घराला

मी आटपाडीहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते. आज हप्ता-व्याज बाजूला ठेवूया. आज बोलायचंय खरजेबद्दल.

मागं एका गटाच्या बैठकीत एक ताई दाराजवळच बसली. हात पदराखाली. नुकतीच ऊसतोडीहून आली होती. सहीला बोलावलं तर उठेना. शेवटी म्हणाली, "माझ्या हाताला खरूज हाय, तुमाला लागंल." शेजारच्या दोघी सरकल्या. मग कोपऱ्यातून आवाज आला, "आमच्यात बी पोरं रात्रभर खाजवत्यात." त्या दिवशी तीन घरं निघाली. तिन्ही घरांनी महिनाभर लपवलं होतं.

लपवण्यासारखं यात काही नाही. खरूज घाणीनं होत नाही. डोळ्याला नीट न दिसणारा बारीक किडा कातडीत शिरतो, तिथंच अंडी घालतो. एका अंथरुणात झोपल्यानं, बराच वेळ अंगाला अंग लागल्यानं तो पसरतो. कोपीत चार-पाच जणं एका वाकळेत झोपली की एकाची सगळ्यांना होते. बैठकीत शेजारी बसल्यानं सहसा होत नाही. म्हणून ताईला लांब बसवू नका.

ओळखायची कशी? रात्री कंड जास्त सुटतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत पुटकुळ्या येतात. पहिल्यांदा होते तेव्हा किडा शिरल्यापासून खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती दुसऱ्याला गेलेली असते.

इथंच माझी चूक झाली. माझ्या पोराला झाली तेव्हा मी त्याच्या एकट्यालाच औषध लावलं. बाकीच्यांना खाज नव्हती ना! तीन आठवड्यांत घरभर झाली. म्हणून सांगते, खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आशाताईंना विचारा. डॉक्टर बहुतेक वेळा परमेथ्रिनचं मलम देतात. ते फक्त खाजेच्या जागी नाही, गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं. बेचक्या, नखांच्या कडा सोडायच्या नाहीत. रात्री लावून सकाळी आंघोळ. आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टर सांगतील तसं पुन्हा एकदा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी सांगा. एक ट्यूब पाच जणांत पुरवू नका.

कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पाण्याची ओढ असेल, वाकळ धुणं जमत नसेल, तर प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगावाचून किडा दोन-तीन दिवसांत मरतो.

औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका. पण फोड पिकले, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा. दुकानातून स्टिरॉइडची ट्यूब आणू नका. कंड दबतो, किडा राहतो. आणि मेंढरांचं औषध माणसाला लावू नका. मेंढरांच्या खरजेचा किडा वेगळा, औषधही वेगळं. ते माणसाला विषारी ठरू शकतं.

ट्यूब विकत घ्यायची वेळ आली तर गटात बोला. शेळीसाठी अंतर्गत कर्ज मिळतं, मग लेकराच्या अंगासाठी का नको?

त्या ताईचं घर आता बरं आहे. परवाच्या बैठकीत ती मधोमध बसली होती. तुमच्या गटात कुणी दाराजवळ बसलं असेल, तर तिला आत बोलवा.