वंशावळीतील हरवलेली नावे
(मंडळाच्या पातूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने वंशावळ-शोधाची ऑनलाइन कार्यशाळा भरविण्याचे योजिले आहे, ही अभिनंदनीय गोष्ट होय. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

सांप्रत पूर्वजांची आठवण होते ती बहुधा मुलाच्या जातपडताळणीच्या वेळी. इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग पणजोबांच्या नावासाठी धावपळ सुरू होते. आपल्या वऱ्हाडात हा शोध कोतवाल बुकात घेतात. त्यात जन्ममृत्यूची नोंद असे. परंतु पुष्कळदा 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच लिहिलेले आढळते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे दुसरे साधन. पातूर पूर्वी बाळापूर तालुक्यात मोडत असे, म्हणून जुन्या कागदांसाठी बाळापुरासही विचारणे इष्ट. कागद मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळी असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर १९७७ पासून अमेरिकेतील यूटा येथील वंशशोधक संस्थेने सूक्ष्मचित्रे घेतली आहेत.

ही सर्व साधने मोलाची खरीच. तथापि त्यांतून जी वंशावळ सिद्ध होते, ती पाहा : बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. ज्या मातांनी हा वंश वाढविला, त्या कोठे आहेत? आपल्याकडे विवाहसमयी ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. त्या दिवशी तिचे आडनाव गेले, गाव गेले आणि हाक मारण्याचे नावही गेले. दोन पिढ्या उलटल्या की तिचे माहेर कोणते, हे नातवंडांस सांगता येत नाही. पातूरच्या डोंगरातील लेणी शतकानुशतके टिकली. घरातील पणजीचे नाव मात्र शंभर वर्षेही टिकले नाही! याची खंत आपणांस वाटावयास नको काय?

काळ बदलला आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदोपत्री प्रथम आईचे नाव लागते. शासनाने जे मान्य केले, ते आपल्या घरच्या वहीत का नसावे?

म्हणून आमची सूचना अशी की, कार्यशाळेचा आरंभ कचेरीतील कागदांपासून न करता घरातील वृद्ध स्त्रियांपासून करावा. कागद दहा वर्षांनीही सापडेल; पण आजीच्या स्मरणातील गोष्ट तिच्याबरोबरच जाते. मोबाईलच्या सभेत एक मोठी सोय आहे : पुण्यास वा सुरतेस दिलेली लेक आणि पातूरची तिची आत्या एकाच वेळी बोलू शकतात. एकीस नाव आठवेल, दुसरीस गाव. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव विचारावे. आणि ही माहिती कोणी, केव्हा सांगितली तेही नमूद करावे. बोलणे तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे.

येथे एक पथ्य अवश्य पाळावे. ऐकीव गोष्ट 'ऐकीव' म्हणूनच लिहावी. आपले घराणे एखाद्या राजकुळाशी जोडण्याच्या हौसेने खोटा दुवा घालू नये. शेतात राबलेला पणजोबा आणि त्याच्या खांद्याशी खांदा लावून निंदण-खुरपण केलेली पणजी यांत कमीपणा तो कोणता? तसेच हयात माणसांच्या जन्मतारखा व इतर खासगी तपशील चारचौघांत पसरू देऊ नयेत.

बंधुभगिनींनो, येत्या दिवाळीस लेकी माहेरी येतील. त्यापूर्वी प्रत्येक घराने एक कोरी वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीचे माहेरचे नाव तिलाच विचारून लिहावे. एवढे झाले तरी कार्यशाळेचे अर्धे कार्य सिद्धीस गेले असे आम्ही समजू.