औंढ्याचा लेसर आणि परदेशी आरसा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



हिंगोली जिल्ह्यातील औंढा हे नाव आपण नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे जाणतो. त्याच परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकांशी टांगलेले आरसे अशी तिची रचना. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की येथील आरशांमधील अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी बदलते. तेवढा बदल लेसरने मोजावयाचा. अशी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम टिपली गेली. गोंगाटातून असा संकेत गणिताने कसा वेचावा, यावर पुण्याच्या ‘आयुका’मध्ये डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी त्यापूर्वी दोन दशके काम करीत होते.

म्हणजे गणितात आपण मागे नव्हतो. आरशाचे काय?

हा आरसा म्हणजे अतिशुद्ध सिलिकाची ३४ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर जाडीची, ४० किलो वजनाची चकती. अमेरिकेतील वेधशाळांसाठी तिला आकार व झिलई दिली अमेरिकन कारागिरांनी; परावर्तक थर चढविले फ्रान्समधील लिऑनच्या प्रयोगशाळेने. मध्यभागात पृष्ठाची चूक एका नॅनोमीटरहूनही कमी. अखेरची दुरुस्ती हाताने होत नाही. आयनांचा झोत नको असलेले अणू उडवून लावतो. मग सिलिका आणि टँटलम ऑक्साईड यांचे पातळ थर आलटूनपालटून बसवितात. प्रत्येक थरावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिळतो आणि टोकाच्या आरशातून दहा लाखांपैकी जेमतेम पाच भाग प्रकाश निसटतो. आपल्या प्रकल्पासाठीही आरशांसह मुख्य यंत्रभाग अमेरिकेने द्यावयाचे. जागा, निर्वात यंत्रणा, जुळणी आणि संचालन आपले, असे ठरले आहे. सहकार्यात गैर काही नाही. परंतु पुढच्या पिढीचे आरसे कोणी घासावयाचे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

केरळातील आरन्मुळा येथे कारागीर काशासारखा मिश्रधातू ओतून, दिवसचे दिवस घासून आरसा करतात. घरच्या आरशात काचेच्या मागे मुलामा असतो. आरन्मुळ्याचा आरसा दुर्बिणीच्या आरशाप्रमाणे पुढच्याच पृष्ठावरून प्रतिबिंब देतो. तेव्हा घासण्याची चिकाटी या भूमीला नवी नाही. उणीव आहे ती घासलेले मोजण्याच्या सवयीची. पूर्वजांच्या खगोलज्ञानाचा अभिमान आपणांस आहे, असावाच. पण त्याने काच घासली जात नाही.

ही सवय घरीही लावता येते. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालावे आणि दिशा बदलत घासत राहावे. वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. कारण दोन पृष्ठे कोणत्याही दिशेने सरकली तरी सर्वत्र टेकून राहावयाची तर ती गोलाचा भागच असावी लागतात. अचूक यंत्रावाचून अचूक आकार मिळतो तो असा. पुढे डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साईडने झिलई द्यावयाची. नंतर फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८च्या सुमारास सुचविलेली परीक्षा: बारीक छिद्रातून आरशावर प्रकाश सोडावा आणि परतणारा किरण दाढीच्या पात्याने कापावा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटाही सावलीच्या रूपाने डोळ्यांना दिसतो.

‘आयुका’ने दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. आपल्या शाळांतून, वसतिगृहांतून असे एखादे टेबल मांडता येईल. टेबल भक्कम हवे आणि खोलीत वारा नको. जाड पुडीवरून बारीक पुडीकडे जाताना मात्र हात, टेबल, कपडे सारे धुवावे. जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी ओरखडा उठतो आणि आठवड्याचे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते.